एच.एम.टी. जनता, नोंद ३: मागे पडणारं घड्याळ आणि रेग्युलेटरला हात न लावण्याचं कारण

घड्याळ: चावीचं जनता, १७ ज्वेल (चाकांची टोकं ज्यात फिरतात ते खडे), तासाला १८,००० ठोके. तक्रार: दिवसाला साडेतीन-चार मिनिटं मागे, आणि चावी देताना खरखर.

२ जुलै. चावी पूर्ण देऊन अर्ध्या तासाने टाइमग्राफरवर, म्हणजे टिकटिक ऐकून वेळेची चूक मोजणाऱ्या यंत्रावर, लावलं. लिफ्ट अँगल (झोका मोजायला यंत्राला सांगावा लागणारा कोन) ५२ वर. घड्याळाच्या आतल्या मशीनचा नेमका अँगल वेगळा असला तर अँप्लिट्यूडचा, म्हणजे बॅलन्स चाकाच्या झोक्याचा, आकडा थोडा सरकेल, पण सगळी मोजणी एकाच सेटिंगवर असल्यामुळे आधी आणि नंतरचा फरक खरा राहतो.

डायल वर: दिवसाला उणे १५० सेकंद, झोका २०५ अंश.
चावी खाली: उणे २६० सेकंद, १७० अंश.
बीट एरर (टिक आणि टक यांच्या अंतरातला फरक): २.१ मिलिसेकंद.
२४ तासांनी, डायल वर: १५२ अंश.

इथेच बहुतेकांचा हात रेग्युलेटरकडे, म्हणजे घड्याळ जलद-मंद करणाऱ्या काट्याकडे, जातो. जाऊ नये. नुसतं रेग्युलेशन बिघडलं असतं तर अँप्लिट्यूड २७० च्या आसपास असता आणि सगळ्या स्थितींत घड्याळ साधारण सारखंच मागे पडलं असतं. इथे दोन स्थितींत ११० सेकंदांचा फरक आहे आणि झोका मुळातच लहान आहे. म्हणजे बॅलन्सपर्यंत ताकद पोचत नाही: तेल वाळलंय, मळ साठलाय किंवा मेन स्प्रिंग (चावीची ताकद साठवणारी) थकली आहे. झोका लहान झाला की बॅलन्सच्या तोलातली बारीक चूकही मोठी होऊन दिसते, म्हणून स्थिती बदलली की वेळ बदलते. अशा मशीनचा रेग्युलेटर 'जलद'कडे सरकवला तर आठवडाभर वेळ बरी दिसेल. तेवढा आठवडा कोरडे पिव्हट (चाकांच्या दांड्यांची टोकं) ज्वेलमध्ये घासत राहतील, आणि झिजलेला पिव्हट तेलाने भरून येत नाही.

उलट तक्रार असती, म्हणजे घड्याळ एकाएकी दिवसाला पाच-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं असतं, तर आधी होकायंत्र. चालू घड्याळ होकायंत्राजवळ आणल्यावर सुई थरथरली तर चुंबकत्व आहे. बॅलन्सला झुलवणाऱ्या बारीक हेअर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि स्प्रिंग जणू आखूड होते. मोबाइलचं चुंबकवालं कव्हर, लॅपटॉपचे स्पीकर, दुचाकीच्या टाकीवर चिकटणारी बॅग, एवढं पुरतं. डीमॅग्नेटायझरवर घड्याळ धरायचं, बटण दाबून ठेवायचं, घड्याळ सावकाश हातभर लांब न्यायचं आणि मगच बटण सोडायचं. जवळ असताना सोडलं तर चुंबकत्व उलट वाढतं. या जनतात होकायंत्राची सुई हलली नाही.

५ जुलै. झाकण उघडलं. खरखरीचं कारण चावीच्या दांडीवर होतं: तांबूस गंज, त्याची पूड दांडीवरच्या क्लच चाकापर्यंत. पुण्यात जून ते सप्टेंबर हा जुन्या चावीच्या घड्याळांचा वाईट काळ. पावसात दुचाकीवरून जाताना मनगट भिजतं आणि पाणी काचेपेक्षा चावीच्या भोकातून आधी शिरतं. काचेच्या आतून धुकं दिसलं की चावी बाहेर ओढून घड्याळ सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवावं आणि एक-दोन दिवसांत उघडून घ्यावं. तांदळात पुरू नये, कणीचं पीठ आत जातं. उन्हातही नको, पाणी वाफ होऊन डायलवर बसतं.

९ जुलै. सुटे भाग. २०१६ मध्ये एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला. नवी दांडी मिळण्यापेक्षा दुसरं मशीन मिळणं सोपं. मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे मशीन घेताना डायलच्या चकाकीला भुलू नये. रंगवलेली डायल भरपूर असतात. ब्लोअरने हलकी फुंकर मारून बॅलन्स मोकळा डोलतो का, हेअर स्प्रिंगचे वेढे सारख्या अंतरावर आहेत का, स्क्रूच्या खाचा फाटलेल्या नाहीत ना, एवढं आयग्लासमधून पाहावं.

१२ ते १४ जुलै. खोलणं आणि सफाई. पॅलेट (चाकांना ठोक्याठोक्याने अडवून सोडणारा भाग) काढण्याआधी चावी पूर्ण उतरवायची: बोटांनी चावी धरून, रॅचेटची क्लिक (चाक उलटं फिरू न देणारा अडसर) काडीने बाजूला करून, ताण हळूहळू सोडायचा. ताण शिल्लक असताना पॅलेट निघालं तर चाकं भणाणत सुटतात आणि पिव्हट मोडतात. भाग लायटर फ्लुइडमध्ये, नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये. पॅलेट मात्र अल्कोहोलमध्ये ठेवायचं नाही. त्याचे खडे लाखेने बसवलेले असतात आणि लाख विरघळते. ज्वेलची भोकं टोकदार लाकडी काडी फिरवून, काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. मेन स्प्रिंग बाहेर काढल्यावर ऐसपैस पसरली नाही, गुंडाळीतच राहिली. थकलेली. रुंदी, जाडी आणि लांबी मोजून नवी घातली.

तेल: बॅरलजवळच्या (मेन स्प्रिंगच्या डबीजवळच्या) सावकाश चाकांना एचपी १३००, वेगवान पिव्हटना आणि बॅलन्सला मोबियस ९०१०, पॅलेटच्या खड्यांना ९४१५, चावीच्या भागांना ग्रीस. ज्वेलच्या वाटीत निम्म्याहून थोडं जास्त, बस. काठोकाठ भरलेलं तेल पसरून निघून जातं आणि भोक कोरडं राहतं. पॅलेटच्या पिव्हटना तेल नाही.

१५ जुलै. डायल वर २८२ अंश, चावी खाली २५०. बीट एरर अजून २.१. तो दुरुस्त करायला हेअर स्प्रिंगचं कॉलेट (तिच्या आतल्या टोकाची कडी) केसभर फिरवावं लागतं, आणि निसटलेलं हत्यार स्प्रिंगच संपवतं. हे काम पेठेतल्या घड्याळजींकडे. तुटलेला पिव्हट, तडकलेला ज्वेल, गुंतलेली हेअर स्प्रिंग, पाण्यात बुडालेलं मशीन: हेही थेट त्यांच्याकडेच, मध्ये प्रयोग नाहीत. देताना आकडे कागदावर लिहून द्यावेत, बदललेले भाग परत मागावेत. आणि कुठेही पूर्ण सर्व्हिसिंग देताना एक प्रश्न नक्की विचारावा: 'मशीन पूर्ण खोलणार का?' सबंध मशीन पेट्रोलमध्ये बुचकळून काढलं तर मळ फक्त जागा बदलतो.

२१ जुलै. परत आलं. बीट एरर ०.५. आता, आणि आताच, रेग्युलेटर अगदी किंचित. डायल वर अधिक ९ सेकंद, चावी खाली उणे ७. २४ तासांनी २३८ अंश. पुढची मोजणी गणपतीनंतर. दमट हवेत चावीपाशी पुन्हा गंज दिसतो का, ते तेव्हा पाहायचं.