तेल गेलं कुठे?

परवा सकाळी सातलाच भाचा दारात उभा. पायात गमबूट, हाताला काळं ग्रीस. "मामा, जरा बंदरार येतास? त्याल भरलंय, तरी विंच जोर करणा नाय."

"किती भरलंस?"

"काल दोन लिटर. चार दिवसांआदी पण दोन भरलेलंय."

"मगे पयला त्याल खंय गेला?"

विंच म्हणजे त्याच्या होडीवरचं ओढायचं यंत्र, तेलाच्या दाबावर चालणारं. तो गप्प झाला. मला त्याचा राग आला नाही. हाच प्रश्न मला वयाच्या तेविसाव्या वर्षी विचारला गेला होता आणि तेव्हा मीही असाच गप्प उभा होतो.

हवाई दलात मी वीस वर्षं एअरफ्रेम फिटर होतो, म्हणजे इंजिन सोडून बाकीचा सांगाडा आणि तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक यंत्रणा सांभाळणारा. त्यातली बहुतेक वर्षं एमआय-17 हेलिकॉप्टरवर गेली. देवगडात लोकांना वाटतं, हेलिकॉप्टर म्हणजे पंखा आणि इंजिन. पण तेरा टनांपर्यंत वजन घेऊन उडणारं ते यंत्र पायलटच्या हाती राहतं ते तेलाच्या दाबामुळे. वरच्या पाच पात्यांचा रेटा इतका असतो की नुसत्या मनगटाच्या जोरावर ते आवरत नाही. म्हणून चार बूस्टर असतात. पायलट दांडी बोटभर हलवतो, बूस्टर तेलाच्या दाबाने तेवढंच काम वर करून देतो. चारांतले तीन मुख्य पंख्यासाठी, एक शेपटीच्या पंख्यासाठी. त्यांना तेल पुरवणाऱ्या यंत्रणा दोन, एक मुख्य आणि एक राखीव. टाकीचे कप्पेसुद्धा वेगवेगळे. मुख्य यंत्रणेचा दाब चौरस सेंटिमीटरला तीस किलोच्या आसपास घसरला की राखीव आपोआप काम हाती घेते.

तेल एएमजी-10. रंगाने कोकम सरबतासारखं लालभडक, पातळ, रॉकेलच्या जवळ जाणारा वास. कडाक्याच्या थंडीतही घट्ट होत नाही, म्हणून ते हिमालयात चालतं. त्या लाल रंगाचा आम्हाला मोठा आधार. राखाडी पत्र्यावर एक थेंब पडला तरी नजरेत भरतो. इंजिनात आणि मुख्य गिअरबॉक्समध्ये मात्र बी-3व्ही नावाचं वेगळं सिंथेटिक तेल, आणि ती जबाबदारी इंजिन फिटरची. दोन्ही तेलांचे डबे, नळ्या, फनेल, सगळं वेगळं. चुकून एकाचं फनेल दुसऱ्यात गेलं तर पूर्ण तेल काढून यंत्रणा धुवावी लागते.

दाबाच्या घड्याळाबद्दल जरा सांगतो, कारण मला त्याचं अजून वेड आहे. एमआय-17 च्या हायड्रॉलिकची सुई एका जागी थांबत नाही. पंप दाब वाढवत नेतो, 65 ला पोचला की एक झडप पंपाला मोकळं सोडते. मग दाब हळूहळू उतरतो, 45 ला आला की पंप पुन्हा कामाला लागतो. हे आकडे चौरस सेंटिमीटरला किलोचे. सुई वर जाते, खाली येते, झोपलेल्या माणसाची छाती वरखाली व्हावी तशी. दांड्या स्थिर धरल्या असताना ती भराभर वरखाली होऊ लागली तर समजायचं, आत कुठेतरी तेल निसटतंय किंवा दाब साठवणाऱ्या अ‍ॅक्युम्युलेटरमधला नायट्रोजन कमी झालाय. बाहेर एक थेंब नसेल, पण सुई आधी सांगते. पंप गिअरबॉक्सवर चालतात, म्हणून इंजिन बंद असताना जमिनीवरची हायड्रॉलिक ट्रॉली जोडून तपासणी करायची. मी मनातल्या मनात आकडे मोजत सुईकडे बघत राहायचो.

आता त्या सकाळचं. उत्तरेकडचा एक तळ, डिसेंबर, धुकं. एमआय-17 च्या इंजिनाची झाकणं खाली उघडली की त्यांचाच उभं राहायला फलाट होतो. मी त्यावर चढलो, गिअरबॉक्सच्या मागे हायड्रॉलिकची टाकी आहे तिथली पातळी बघितली. मुख्य कप्प्यात बोटाच्या पेराएवढं तेल कमी. फार नव्हतं. मी भरलं, झाकण लावलं, ते सुटू नये म्हणून लॉकिंग वायर घातली, मशीनच्या नोंदवहीत, म्हणजे फॉर्म 700 मध्ये, सही केली. आमचे वॉरंट ऑफिसर पंजाबी होते, साठीला आल्यासारखे दिसायचे. त्यांनी नोंद वाचली, आधीची दोन पानं उलटली आणि हिंदीत विचारलं, "बेटा, तेल गया कहाँ?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधीच्या दोन पानांवरही कोणीतरी थोडं थोडं भरल्याची नोंद होती. प्रत्येकाने भरलं होतं, सही केली होती, आणि उतरला होता.

ते स्वतः वर चढले. मला म्हणाले, स्वच्छ पांढरं कापड आण, धागे सुटणारं नको. प्रत्येक जोडावरून, प्रत्येक नळीखालून त्यांनी ते कापड फिरवलं. अर्ध्या तासाने बूस्टरकडे जाणाऱ्या एका नळीखाली कापडाला गुलाबी डाग लागला. नळी धरून ठेवणाऱ्या क्लॅम्पमधलं रबर झिजलं होतं आणि धातू धातूवर घासत होता. नळीच्या अंगावर नखाएवढी चकाकणारी खाच होती. दाब आला की तिथून घाम फुटल्यासारखं तेल झिरपत असणार. मशीन बंद झालं की थांबणार. वरच्या वाऱ्याने थेंब उडून जात, म्हणून खाली कधी डाग पडला नाही.

त्या दिवशी त्या हेलिकॉप्टरने रसद घेऊन वर जायचं होतं. राखीव यंत्रणा होती, हे खरं. पण माझी सही त्या नळीवर होती. त्यांनी मला रागावलं नाही. नळी बदलली, हवा काढली, ट्रॉली लावून दाब दिला, आणि मला दोन तास सुईसमोर बसवलं. माझी सही तेव्हापासून बदलली. आधी कापड, मग पेन.

आमच्या टोळीतला इंजिन फिटर केरळचा होता. त्याचं गिअरबॉक्सचं चुंबक बघण्यासारखं असे. इंजिनाची टर्बाइन मिनिटाला सुमारे 15,000 फेरे घेते आणि गिअरबॉक्स ते मुख्य पंख्यापर्यंत 192 वर आणतो. एवढा वेग उतरवताना दातेरी चाकं थोडी झिजणारच. तो तेलातले लोखंडी कण धरणारा चुंबकी प्लग काढून कापडावर पुसायचा, ते कण चिमटीत चोळायचा. काजळासारखं मऊ लागलं तर चालतं. बोटाला टोचलं, कणाला चपटी बाजू दिसली, तर बेअरिंग किंवा दात्याचा कपचा निघालाय. एकदा तांदळाच्या कणीएवढा एक तुकडा सापडला. त्याने तो कागदाच्या पुडीत घातला आणि मशीन जागेवरून हलू दिलं नाही.

22 जुलै 2021 ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी चढलं. दुसऱ्या दिवशी बातम्यांत हवाई दलाची एमआय-17 रत्नागिरीकडे निघाल्याचं ऐकलं. घरातले सगळे पुराची चित्रं बघत होते. मला मात्र त्या पावसात पहाटे झाकणं उघडून, डोक्यावर प्लास्टिक धरून टाकीची काच पुसणारा पोरगा दिसत होता. आपल्या किनाऱ्याची हवा या यंत्रांची वैरी आहे. बूस्टरच्या दांड्याची चकचकीत क्रोमची पालिश खाऱ्या दमटपणात टिचते, खड्डे पडतात, आणि तो खडबडीत दांडा आतबाहेर करताना तेल अडवणारं सील कापत जातो. म्हणून किनाऱ्यावर काम झालं की गोड्या पाण्याने धुणं आणि दांडा त्याच तेलात भिजवलेल्या कापडाने पुसणं, यात हयगय चालत नाही.

भाच्याची होडी बंदरात किनाऱ्याला ओढून ठेवलेली, अजून झाप काढलेले नव्हते. नारळी पौर्णिमा तोंडावर, पोरांची धावपळ चाललेली. मी विंचच्या टाकीखालचा बोल्ट सैल केला आणि बाटलीत थोडं तेल घेतलं. रंग दुधाच्या चहाचा. म्हणजे आत पाणी. टाकीवरची हवेची टोपी कुठे पडली होती कोणास ठाऊक, तिथे दुधाची पिशवी सुतळीने बांधलेली. दोन महिन्यांचा पाऊस त्या पिशवीखालून आत मुरला होता. हे एक झालं. पण तेल कमी का होत होतं, हे त्याने कळत नव्हतं. कापड मागितलं. भाच्याने चिंध्यांचा गोळा पुढे केला, तो नको म्हटलं. माझा जुना पांढरा रुमाल काढला आणि त्यालाच म्हटलं, तू फिरव.

त्याला वीस मिनिटं लागली. मोटरच्या शाफ्टजवळचं सील गेलं होतं, तेल फळीच्या फटीतून थेट पेंदाशी जात होतं. गंजाच्या खड्ड्यांनी शाफ्ट तिथेच खरखरीत झालाय. नुसतं सील बदलून भागणार नाही, शाफ्ट पॉलिश करून घ्यावा लागेल.

शाफ्ट काल कोल्हापूरला पाठवला. तेल सगळं काढलं, टाकी पुसली, नवीन टोपी जामसंड्यात मिळाली. भाच्याने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय, कधी किती भरलं ते. पहिल्या दोन नोंदींपुढे कंसात त्याने स्वतःच लिहिलंय : गेला खंय बघूक नाय.