दीड किलोच्या ठकीला भूल देताना

ठकी आठ महिन्यांची झाली तरी तिचे दुधाचे सुळे पडले नव्हते. एरवी कुत्र्यांचे दुधाचे दात सहा-सात महिन्यांपर्यंत पडून जातात. तिचे नव्या सुळ्यांना खेटून तसेच उभे होते. मधल्या फटीत अन्न अडकून हिरडी लालबुंद झाली होती. दात काढायचे तर पूर्ण भूल द्यावी लागणार, आणि डॉक्टरांना खरी काळजी तिच्या वजनाची होती. ठकी यॉर्कशायर टेरियर आहे. या जातीचं वजन ३.२ किलोपर्यंत असतं, ती जेमतेम दीड किलो भरते.

ठकीसारखी 'टीकप' (चहाच्या कपाएवढी) म्हणून विकली जाणारी पिल्लं वेगळ्या जातीची नसतात. वेतातली सगळ्यात किरकोळ पिल्लं निवडून त्यांचीच पुढे पैदास करत नेतात. ठकीला आधीच्या घरी तिचं आजारपण झेपेना, म्हणून ती माझ्याकडे आली. तिची टाळूसुद्धा अजून पूर्ण भरलेली नाही. डोक्यावरून हात फिरवताना मऊ खळगा बोटाला लागतो, आणि दर वेळी माझ्या पोटात कालवतं.

भूल देण्याआधी यकृताची तपासणी झाली. या जातीत काही पिल्लांना जन्मतःच एक जादा रक्तवाहिनी असते. आतड्यांकडून येणारं रक्त तिच्यातून यकृताला वळसा घालून परस्पर पुढे निघून जातं. असं असेल तर भुलीची औषधं शरीराबाहेर पडायला फार वेळ लागतो. म्हणून बाइल अ‍ॅसिडसाठी (पित्तातलं आम्ल, यावरून यकृताचं काम कळतं) एकदा उपाशीपोटी आणि एकदा खाल्ल्यावर दोन तासांनी रक्त घेतलं. रिपोर्ट चांगला आला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

उपासाचा प्रश्न वेगळाच होता. मोठ्या कुत्र्याला ऑपरेशनआधी रात्रभर उपाशी ठेवलं तरी चालतं. एवढ्याशा जिवाच्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा नसल्यातच जमा, त्यामुळे काही तासांतच रक्तातली साखर घसरू शकते. डॉक्टरांनी पहाटे थोडं मऊ खाणं द्यायला सांगितलं, सकाळी पहिला नंबर तिचाच लावला आणि सलाईनमधून ग्लुकोज चालू ठेवलं.

आत नेण्यापूर्वी मला तयारी पाहू दिली. अंगाखाली गरम हवेची गादी, चारी पंजांना मोजे. लहान शरीर पटकन गार पडतं, त्यात दातांच्या कामात पाणी वापरावं लागतं. औषध पातळ करून इन्सुलिनच्या बारीक सिरिंजमध्ये भरलं होतं. जबड्याच्या एक्स-रेत सुळ्यांची मुळं हाडाच्या पार खालच्या कडेपर्यंत गेलेली दिसत होती. टॉय म्हणजे अगदी लहान चणीच्या जातींमध्ये जबड्याच्या मानाने दात मोठे असतात, ओढताना हाडच मोडण्याची भीती असते. म्हणून हिरडी उघडून एकेक मूळ हळूहळू सैल करत काढलं.

सगळं नीट पार पडलं, पण संध्याकाळी घरी तिने खाण्याकडे पाहिलंही नाही. थोड्या वेळाने मान डुगडुगायला लागली, मागचे पाय लटपटले, हिरड्या पांढुरक्या दिसू लागल्या. साखर उतरली होती. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, त्याप्रमाणे ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटावर घेऊन टाके टाळून वरच्या हिरडीवर चोळलं. अशा वेळी तोंडात काही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. 'शुगर-फ्री' म्हणून विकलं जाणारं काहीही द्यायचं नाही, कारण त्यात झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ असेल तर कुत्र्याची साखर आणखी खाली जाते. काही मिनिटांत तिने जीभ फिरवली आणि मान सावरली. तरीही तिला तसंच उचलून दवाखान्यात नेलं. ती रात्र तिने तिथेच काढली.

भूल देताना श्वासनलिकेत नळी घातल्यामुळे नंतर काही दिवस तिला कोरडा खोकला होता. या जातीत श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या ढिल्या पडण्याची शक्यता असतेच, म्हणून गळ्यातला पट्टा मी कायमचा काढला आणि छातीला बांधायचा हार्नेस घेतला.

आता दात रोज घासते. पलंगावरून उडी मारू देत नाही, कारण पुढच्या पायांची हाडं काडीसारखी बारीक आहेत आणि तिथे रक्तपुरवठा कमी असल्याने मोडलं तर लवकर जुळत नाही. कोणी तिला पाहून 'असंच छोटंसं कुठे मिळेल' असं विचारलं, की मी सरळ सांगते, घेऊ नका. मागणी आहे तोवर ही पैदास थांबणार नाही. ठकीच्या मागच्या डाव्या गुडघ्याची वाटी सरकते, सध्या दुसऱ्या ग्रेडला आहे. पुढच्या तपासणीत वाढलेली दिसली तर पुन्हा भूल द्यावी लागेल, आणि डॉक्टरांनी त्यासाठी तिचं वजन थोडं तरी वाढवायला सांगितलंय.