सल्ला मागितला, मग मानला का नाही?

ब्रिटनमध्ये २४ जून २०१४ पर्यंत ‘खात’ नावाच्या झुडपाचे कोवळे शेंडे चघळण्यासाठी भाजीपाल्यासारखे उघडपणे विकले जात. केनियाच्या मेरू भागात खुडलेल्या जुड्या केळीच्या पानांत गुंडाळून विमानाने लंडनच्या हीथ्रो विमानतळावर येत आणि तेथून सोमाली, येमेनी व इथिओपियन वस्त्यांतील ‘मफ्रिश’ नावाच्या बैठकीच्या खोल्यांत पोहोचत. घाई अशासाठी, की त्यातले तरतरी आणणारे कॅथिनोन हे रसायन पाला सुकू लागला की विघटित होते आणि दोन-तीन दिवसांत मालाला फारशी किंमत उरत नाही. २०११-१२ या वर्षात असा सुमारे २,५६० टन माल ब्रिटनमध्ये उतरला. गंमत म्हणजे शुद्ध स्वरूपातील कॅथिनोनवर तेव्हाही बंदी होती. पान तेवढे मोकळे होते.

अमली पदार्थांविषयीच्या १९७१ च्या ब्रिटिश कायद्यानुसार एखादा पदार्थ बंदीच्या यादीत घालण्याआधी सरकारला तज्ज्ञांच्या सल्लागार परिषदेचे मत घ्यावेच लागते. या परिषदेने २००५ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१३ मध्ये खातवर बंदी नको, असे सांगितले होते. तरीही जुलै २०१३ मध्ये गृहमंत्री थेरेसा मे यांनी तो बंदी असलेल्या पदार्थांच्या ‘क’ या सर्वांत सौम्य वर्गात टाकण्याचा निर्णय जाहीर केला.

सरकारने तज्ज्ञांचे ऐकलेच पाहिजे, असे मी म्हणत नाही. कायद्याने सल्ला घेणे बंधनकारक केले आहे, पाळणे नव्हे, आणि निवडून आलेल्या माणसांनी अंतिम निर्णय घ्यावा हे योग्यच आहे. शिवाय बंदीची मागणी वरून लादलेली नव्हती. नवरे रात्र-रात्र मफ्रिशात बसतात आणि कमाई पाल्यात घालवतात, ही सोमाली घरांतील बायकांची तक्रार जुनी होती आणि खरीही होती. परिषदेने ती ऐकली. पण बेकारी, परक्या देशातील एकटेपणा आणि पाला यांची गुंतागुंत अशी होती, की दोष एकट्या पाल्यावर ठेवण्याइतका भक्कम पुरावा तिला सापडला नाही.

खटकते ते याच्या पुढचे. पुरावा अपुरा आहे, ही परिषदेची प्रांजळ कबुलीच सरकारने आपल्या बाजूने वापरली: पुरावा नाही म्हणजे धोका कमी लेखला गेला असण्याची शक्यता आहे, म्हणून बंदी. या न्यायाने कोणत्याही वस्तूवर बंदी घालता येईल. दुसरे कारण मला अधिक प्रामाणिक वाटते. नेदरलँड्सने नुकतीच बंदी घातली होती आणि आपला देश युरोपातील चोरट्या व्यापाराचे ठाणे होईल, अशी भीती लंडनला वाटत होती. ही भीती अगदीच निराधार नव्हती. मात्र तो प्रश्न सीमाशुल्काचा आणि पोलिसांचा होता. त्यासाठी पाला चघळणाऱ्याला गुन्हेगार ठरवण्याची गरज होती का, याचे उत्तर कोठेच मिळत नाही.

हाच आक्षेप संसदेच्या गृहविषयक समितीने नोव्हेंबर २०१३ मध्ये घेतला. तिचे अध्यक्ष कीथ वाझ हे मूळच्या गोव्याच्या कुटुंबातले, पण जन्माने येमेनमधील एडनचे, म्हणजे जेथे खात चघळणे हा रोजच्या दुपारचा भाग आहे त्या मुलखातले. बंदी न घालता आयातदारांना परवाने द्यावेत, असे समितीने सुचवले. आयात परवान्यांमुळे मालाची नोंद राहिली असती, तो पुढे कोठे जातो हे तपासता आले असते आणि तस्करीच्या भीतीवर थेट इलाज झाला असता. सरकारने तेही मानले नाही.

बंदी लागू झाल्यावर पोलिसांना दिलेली पद्धत अशी होती: स्वतःपुरता पाला बाळगणारा प्रथम सापडला तर ताकीद, दुसऱ्यांदा ६० पौंड दंड आणि तिसऱ्यांदा अटक. तस्करी रोखण्यासाठी आणलेल्या बंदीच्या या तिन्ही पायऱ्या मफ्रिशात बसलेल्या गिऱ्हाइकासाठी होत्या.