दादांच्या खिशातला कान

आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, तीस-बत्तीस वर्षं गावात पिठाची गिरणी चालवली. डिझेल इंजिनाचा धडधडाट, वरून पट्ट्याची फटफट. बायका नुसते ओठ हलवायच्या आणि ज्वारी बारीक हवी की भरड, ते दादा ओठांवरूनच ओळखायचे. त्यामुळं कान गेलेत हे आम्हाला आई गेल्यावर कळलं. मधली दुभाषी तीच होती.

अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात नेलं. बंद खोलीत कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. दादा दणादण दाबत सुटले. बाहेर आल्यावर म्हणतात, “ती तपासणारी पोरगी सारखी माझ्याकडंच बघायली होती. तिला वाईट वाटू नये म्हणून दाबलं.” तपासणी परत झाली. एका कानाची तूट ५४ डेसिबल, दुसऱ्याची ५७.

इथंच गाडी अडली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दोन्ही कानांची तूट किमान ६० डेसिबल लागते. तेवढी नाही म्हणून दिव्यांगाचं प्रमाणपत्र नाही, म्हणून दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेतलं कानाचं यंत्रही नाही. दादांना सांगितलं तर म्हणाले, “म्हंजे मला ऐकू येतंय असं सरकार म्हणायलंय?”

मग २०२४ साली राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा फॉर्म भरला. वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २ लाखांच्या आत पाहिजे. (माझी नोकरी लातूरला, रेशनकार्ड वेगळं.) अशी साधनं घ्यायला ३,००० रुपये एकदाच, थेट खात्यात. खरेदीचं बिल ३० दिवसांत पोर्टलवर टाकायचं असतं, तेव्हा दुकानदाराकडून पक्कं बिलच मागा.

तेवढ्या पैशांत खिशातलं यंत्र आलं: काडेपेटीहून जरा मोठी डबी, वायर आणि कानात बोंडूक. भाचा म्हणाला, “मामा, हे आजोबांच्याही आजोबांचं दिसतंय.” मला मात्र तेच पटलं. शेजारच्या मावशींना शिबिरात कानामागचं यंत्र फुकट मिळालं होतं, ते आता बांगड्यांच्या डब्यात पडलंय. त्याचे गोल सेल झिंक-एअरचे. वरची चिकटपट्टी काढली की हवा लागून सुरू होतात, मग वापरा नाहीतर नका वापरू, उतरतातच. ते आणायला तालुक्याला जावं लागतं. कानाच्या मापाचा मोल्डही मावशींना कुणी करून दिला नाही. यंत्र शिट्टी मारायचं आणि नातवंडं हसायची.

दादांच्या डबीला पेन्सिल सेल लागतो. तो गावच्या किराणा दुकानात, साबणाच्या शेजारी. मोल्डचे पैसे मात्र पदरचे गेले, एसटीचं भाडं वेगळं.

माईक डबीत आहे, हे दादांना पहिल्याच दिवशी उमगलं. खिशात कापडाला घासून खरखर होते, म्हणून ते डबी बाहेर काढतात आणि समोरच्याच्या तोंडापुढं धरतात. परवा सेल घेताना दुकानातही तसंच.

“हां, आता सांग. किती झाले?”

दुकानदारानं आधी घसा खाकरला.