डीपीएफ साफ केला म्हणे! (माझा अनुभव)

डॅशबोर्डवरची डीपीएफची (डिझेल गाडीच्या एक्झॉस्टमधला काजळी अडवणारा फिल्टर) लाइट गेली म्हणजे काम झालं असं सर्व्हिस सेंटरवाल्याने सांगितलं तर लगेच मान डोलावू नका, मुख्य म्हणजे एवढंच सांगायला लिहितेय. स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमधला एरर कोड पुसला की लाइट मिनिटभरात जाते, फिल्टरला हातसुद्धा लावावा लागत नाही.

गाडी बीएस६ डिझेल. रोजचं येणं-जाणं सिडको ते चिकलठाणा एमआयडीसी, म्हणजे इंजिन नीट तापायच्या आत ऑफिसचं पार्किंग येतं. डीपीएफमध्ये अडकलेली काजळी जळायला आत साधारण ६०० डिग्री तापमान लागतं, ते सिग्नलला थांबत थांबत कुठून मिळणार? आधी डीपीएफची लाइट लागली, मग चेक इंजिन, मग पिकअपच गेला. गाडी सर्व्हिसला टाकली, परत मिळाली, लाइट गेलेली, बिलावर 'डीपीएफ काढून साफ करणे' आणि अठरा हजारांच्या वर रक्कम. भरली.

थोड्याच दिवसांत लाइट परत हजर.

दिराकडे ओबीडीचं, म्हणजे गाडीतले एरर कोड मोबाइलवर दाखवणारं ब्लूटूथ डोंगल होतं, ते स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लावलं. कोड तोच जुना, पी२४६३, म्हणजे फिल्टरमध्ये काजळी साचलीये. फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे दाबात किती फरक आहे तेही आमच्या गाडीत ॲपवर दिसतं. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, वीसच्या वर मिलीबार! साफ फिल्टर असेल तर हे आयडलला अगदी थोडं असतं. सेन्सरच खोटं बोलत असेल म्हणून तेही बघितलं, इग्निशन चालू आणि इंजिन बंद ठेवलं की शून्य यायला पाहिजे, ते बरोबर येत होतं. त्याच ॲपमध्ये 'कोड पुसल्यापासून किती किलोमीटर' हाही आकडा असतो. गाडी ताब्यात मिळाल्या-मिळाल्या हे सगळे स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर भांडायला उपयोगी पडतात. फक्त कोड पुसलेले दिसले म्हणून लगेच आरोप करू नका, खरं काम केल्यावरही कोड पुसावेच लागतात.

आता खरी कटकट सुरू झाली ती काउंटरवर.

मी अ‍ॅडव्हायझरला एकच साधी गोष्ट मागितली, साफ करायच्या आधीचं आणि नंतरचं स्कॅनर रीडिंग. तर म्हणे, "मॅडम, ते सिस्टीममध्ये असतं, कस्टमरला देत नाही." बरं, मग दाखवा. "सिस्टीम वर्कशॉपमध्ये आहे." मग वर्कशॉपमध्ये जाऊया. "आत कस्टमर अलाउड नाही मॅडम, सेफ्टीचा इश्यू आहे, सर आले असतील तर त्यांना समजावून सांगतो." सर घरी पोरांचा अभ्यास घेतायत, गाडी माझ्या नावावर आहे, तुम्ही मलाच समजावा. मग त्याने हुकमाचा पत्ता काढला, "पीयूसी तर पास आहे ना तुमची?"

ह्या पीयूसीबद्दल जरा सांगते कारण हे वाक्य सगळीकडे फेकतात. डिझेल गाडीच्या पीयूसीत सायलेन्सरमध्ये नळी घालून रेस करतात आणि धूर किती दाट आहे तेवढं मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड वगैरे काही मोजलं जात नाही. आणि गंमत म्हणजे डीपीएफ जेवढा तुंबलेला तेवढा धूर बाहेर कमीच येतो, मग पीयूसी पास होणारच की! चाळणी तुंबली म्हणून चहा स्वच्छ आला तर चाळणी चांगली आहे असं म्हणायचं का? हे मी त्याला असंच्या असं म्हटलं, तो हसला आणि फोनवर बोलायला निघून गेला.

मग काय, लाउंजमध्ये ती मशीनची पातळ कॉफी आणि म्यूट केलेला टीव्ही. दर थोड्या वेळाने कोणीतरी येऊन "दहाच मिनिटं मॅडम" म्हणून जायचं. पुन्हा गेले तर अ‍ॅडव्हायझर रजेवर, दुसऱ्याला जॉब कार्ड सापडेना. बसल्या बसल्या मी बिल नीट वाचलं आणि तिथेच मला धागा मिळाला. लेबर लावलंय, केमिकल लावलंय, पण पार्ट्समध्ये गॅस्केट (जोडामधलं सील) कुठेच नाही. फिल्टर एक्झॉस्टमधून खरोखर उतरवला तर परत बसवताना जोडावरचं गॅस्केट नवीन टाकतात, जुनं बसवलं तर लीक होतं. मग ह्यांनी उतरवला कसा?

घरी येऊन कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल टाकला. चॅसिस नंबर, जॉब कार्ड नंबर, किलोमीटर, स्क्रीनशॉट, आणि खाली दोनच प्रश्न: आधी-नंतरचं रीडिंग काय, आणि गॅस्केट कुठे आहे. रागाचं एक वाक्यही लिहिलं नाही (खोडलं खूप). फोनवर भांडण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, लेखी असलं की उत्तर द्यावं लागतं. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबरही तयार ठेवला होता, त्याची गरज पडली नाही. वरून फोन गेला असावा, कारण त्यानंतर काउंटरवर चक्क उठून उभे राहिले आणि सेफ्टीचा इश्यूही मिटला.

गाडी रॅम्पवर चढवली. फोरमनदादांनी टॉर्च मारला. फिल्टरच्या फ्लँजचे बोल्ट एकसारख्या तांबूस गंजाने मढलेले, वर पावसाळ्यातला चिखल वाळून बसलेला, एकाही बोल्टच्या कडेला पान्याची चकाकी नाही. कोणी काहीच बोलेना. शेवटी दादाच हळू आवाजात म्हणाले, "ताई, फोर्स रीजेन मारलाय फक्त." म्हणजे गाडी उभी ठेवून स्कॅनरने आतली काजळी जाळली. ते करणं चूक नाही, पण मग बिल तेवढ्याचंच लावा ना! आणि रीजेनने काजळी जळते, राख जळत नाही, ती फिल्टर उतरवून धुतल्याशिवाय निघत नाही.

दुसऱ्यांदा खरंच उतरवला. ईजीआर व्हॉल्व्हही (एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इंजिनात सोडणारा) काजळीने अडकत होता, तो साफ केला, मूळ दुखणं बहुतेक तेच असणार. काम झाल्यावर आयडलला चारच्या आत मिलीबार, आणि प्रिंट हातात. लेबर माफ केलं, गॅस्केटचे पैसे मात्र माझ्याकडून घेतले. मीही आनंदाने दिले, बिलात ते नाव वाचून इतकं बरं वाटलं!

मध्ये एका बाहेरच्या गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, फिल्टर आतून पोकळ करून रिमॅप मारू (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलू), कायमची कटकट जाईल. ते बेकायदेशीर आहे, नादी लागू नका. सेकंडहँड डिझेल घेत असाल तर सायलेन्सरच्या टोकात आतून पांढरं फडकं फिरवून बघा, फिल्टर शाबूत असेल तर फडकं जवळपास स्वच्छ राहतं, काळंकुट्ट निघालं तर समजून जा.

आता मी रविवारी अधूनमधून सावंगीवरून समृद्धीला लागते आणि जालन्यापर्यंत एका लयीत जाऊन येते. चालत्या गाडीत काजळी आपोआप जळते, तेही रीजेनच; ते चालू असताना आयडल थोडं वाढतं, फॅन जोरात फिरतो, तेव्हा गाडी बंद करू नका. आणि हो, डिपस्टिक बघत जा. रीजेन अर्धवट राहत गेलं की डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढते. ऑइल बदलताना लो-ॲशवालंच (कमी राख करणारं) टाकायला सांगा आणि ग्रेड बिलावर लिहून घ्या.