माझा ‘रोग’ तिसऱ्या लेव्हलला पोहोचला, त्याची हकिकत

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात चोरपावलांनी वावरणाऱ्या, कुलपे उघडणाऱ्या आणि पाठीमागून वार करणाऱ्या पात्रवर्गाचे इंग्रजी नाव देवनागरीत लिहिले की ‘रोग’ असे होते. त्यामुळे ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत भाच्याशी फोनवर बोलताना मी “माझा रोग आता तिसऱ्या लेव्हलला गेला” असे म्हणालो, तेव्हा शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने चमचा खाली ठेवून कोणत्या डॉक्टरांकडे दाखवतो आहेस, असे विचारले. ‘ठक’, ‘भामटा’, ‘चोर’ हे सर्व पर्याय मी वापरून पाहिले, पण प्रत्येकात थोडे जास्त किंवा थोडे कमी पडते. म्हणून येथे मी रोगच म्हणणार आहे. वाचकांनी काळजी करू नये.

दर शनिवारी संध्याकाळी पुण्यात ताईच्या घरी हा खेळ चालतो. भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तोच आमचा डंजन मास्टर, म्हणजे कथा सांगणारा, शत्रू खेळवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा आहे. बाकीचे तिघे त्याचे मित्र आहेत, जे मला ‘काका’ म्हणतात आणि माझ्या पाळीला मी वेळ लावला की अत्यंत आदराने कंटाळतात. मी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी यात शिरलो, तो एक खेळाडू परगावी गेल्याने जागा रिकामी झाली म्हणून. खेळाचा गाभा सोपा आहे: काही करायचे ठरवले की वीसपैलू फासा टाकायचा, त्यात आपल्या पात्राच्या कसबाचा आकडा मिळवायचा आणि समोरच्या लक्ष्याइतकी किंवा अधिक बेरीज आली की जमले. हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला, त्यात चोर हा वर्ग १९७५ च्या पहिल्या पुरवणीतून आला, आणि १९७८ च्या नियमांत पहिल्या लेव्हलच्या चोराला सावलीत लपणे साधण्याची शक्यता अवघी १० टक्के होती. आम्ही २०१४ चे, म्हणजे पाचव्या आवृत्तीचे नियम वापरतो, ज्यांत चोराची अवस्था इतकी केविलवाणी राहिलेली नाही. तरीही मी पहिल्या प्रयत्नात ती करून दाखवली.

माझे पहिले पात्र रानातला एल्फ, म्हणजे टोकदार कानांच्या, माणसासारख्या एका काल्पनिक वंशातला, होते. कपाळावर ओढलेली टोपी, कोणाशी न बोलण्याचा स्वभाव, आईवडिलांच्या हत्येचा सूड आणि तिसऱ्या लेव्हलला रोगाच्या शाखांपैकी मारेकऱ्याची वाट धरण्याचा निश्चय, असा सगळा सरंजाम मी दोन पानांत लिहून नेला होता. भाच्याने ती दोन्ही पाने वाचली आणि “छान आहे, मामा” एवढेच म्हणाला. त्या वेळी मला हे कौतुक वाटले होते.

पहिल्याच संध्याकाळी एका पडक्या जकात चौकीपाशी गॉब्लिनांची, म्हणजे बुटक्या, दुष्ट प्राण्यांची, टोळी आडवी आली. स्टेल्थ म्हणजे लपणे आणि स्नीक अटॅक म्हणजे लपून केलेला हल्ला, असे मी शब्दांवरून धरून चाललो होतो. पहिल्या लेव्हलला लपण्यासाठी पाळीतली मुख्य कृती खर्च करावी लागते. त्यामुळे पहिल्या फेरीत मी झुडपात लपलो, दुसरीत बाण मारला, बाण मारताच माझी जागा उघड झाली, म्हणून तिसरीत पुन्हा लपलो, चौथीत मारलेला बाण चुकला आणि पाचवीत पुन्हा लपलो. त्याच पाचव्या फेरीत आमचा लढवय्या शून्य हिट पॉइंटवर, म्हणजे जीवशक्तीचे सगळे गुण संपून, कोसळला. भाचा आपले कागद झाकणाऱ्या पडद्याआडून डोके वर काढून म्हणाला, “मामा, तू खेळणाऱ्यांत आहेस की बघणाऱ्यांत?”

रात्री घरी येऊन मी तो परिच्छेद, विम्याच्या पॉलिसीतली बारीक अक्षरे वाचावीत तसा, पेन्सिल हातात घेऊन वाचला. स्नीक अटॅकसाठी लपावेच लागते असे तेथे कुठेही म्हटलेले नाही. एकतर फेकीवर ॲडव्हांटेज हवे, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा हवी, किंवा ज्याच्यावर हल्ला करायचा त्याच्या पाच फुटांच्या आत त्याचा दुसरा कोणी शत्रू, म्हणजे आपला सोबती, शुद्धीवर उभा हवा आणि आपल्या फेकीवर डिसॲडव्हांटेज नको. शस्त्र मात्र चपळाईने चालवण्याजोगे किंवा दुरून मारा करणारे असले पाहिजे. आमचा लढवय्या पाचही फेऱ्या गॉब्लिनाच्या नाकासमोर उभा होता! म्हणजे मला दर फेरीत हक्काचा एक अधिकचा सहापैलू फासा मिळत होता, आणि मी तो झुडपात बसून वाया घालवत होतो. हिशेब मांडला तेव्हा आणखी वाईट वाटले. गॉब्लिनाचे चिलखत, म्हणजे त्याला मारायला गाठायचा आकडा, १५ आणि फाशात मिळवायची माझी भर ५, म्हणजे साध्या बाणाची शक्यता ५५ टक्के. लपून मारलेल्या बाणाची सुमारे ८०, पण तो दोन फेऱ्यांत एकदाच. बाण लागल्यावर दोन सहापैलू फासे अधिक तीन इतकी इजा होते आणि गॉब्लिनाचे हिट पॉइंट सात असतात, म्हणजे ३६ पैकी ३३ वेळा तो तिथेच आडवा होणार. लढवय्या पडला त्याला मी जबाबदार होतो, हे गणिताने सिद्ध झाले.

पुढच्या रविवारी भाच्याने नवे पात्र करण्याची परवानगी दिली आणि ताईच्या जेवणाच्या टेबलावर, पोह्यांची बशी एका बाजूला सारून, आम्ही कोऱ्या कॅरॅक्टर शीटपासून सुरुवात केली. या वेळी आधी कथा लिहायची नाही, असे त्याने बजावले. सहा गुणांसाठी १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे ठरलेले आकडे वाटायचे असतात. रोगाचे लपणे, नेम, चिलखत आणि कुलूप हे सारे चपळाईवर चालते, म्हणून १५ तिकडे गेले यात काही शहाणपण नव्हते. शहाणपण लागले ते दुसऱ्या आकड्याला. मला १४ बुद्धीला द्यायचे होते, कारण हुशार चोर मला आवडतो. भाच्याने विचारले, “पहिल्या लेव्हलला तुझे हिट पॉइंट आठ आणि त्यात दणकटपणाची भर. दहा हवेत की आठ?” मी दहा घेतले. १३ लाघवीपणाला, १२ शहाणपणाला, १० बुद्धीला आणि ८ ताकदीला, अशी बाकीची वाटणी झाली.

वंश निवडताना मात्र आम्ही तासभर घासाघीस केली. रानातल्या एल्फला झाडोरा, मुसळधार पाऊस किंवा धुके यांच्या नुसत्या पुसट आडोशाला लपता येते, अंधारात ६० फुटांपर्यंत दिसते आणि तो एका पाळीत ३५ फूट चालतो. चपळ पावलांच्या हाफलिंगला, म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीच्या वंशातल्याला, अंधारात दिसत नाही आणि त्याची चाल २५ फुटांवर संपते. कागदावर एल्फ सरस वाटतो. पण आमची मोहीम तळघरे, गल्ल्या आणि गुहा यांतून जाणार होती, जिथे झुडूप औषधालाही नसते. आणि हाफलिंगला स्वतःहून एक आकार मोठ्या असलेल्या कोणाही प्राण्याआड लपता येते. माझे सोबती सगळे मध्यम आकाराचे होते, म्हणजे मी जिथे जाईन तिथे माझी झुडपे माझ्याबरोबर चालत येणार होती. हे ध्यानात आल्यावर मी एल्फाचे नाव खोडले. हाफलिंगमुळे चपळाई १७ आणि लाघवीपणा १४ झाला. पात्राचे नाव मी ‘सावरी’ ठेवले, सावरीचा कापूस जमिनीवर टेकला तरी आवाज होत नाही म्हणून. मुलांना ते नाव एल्फांच्या भाषेतले वाटले, आणि मीही काही दिवस त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

पूर्वायुष्य म्हणून मी रस्त्यावर वाढलेले पोर निवडले, ज्यातून लपणे आणि हातचलाखी ही दोन कसबे मिळतात आणि सामानाच्या यादीत चक्क एक पाळीव उंदीर येतो. वर्गाकडून आणखी चार कसबे घ्यायची असतात; त्यांत निरीक्षण आणि तपास सोडू नये असे माझे मत झाले, कारण सापळा न दिसता कुलूप उघडणारा चोर फार दिवस टिकत नाही. मग दोन गोष्टींत दुप्पट प्रावीण्य घ्यायचे होते. एक लपण्यात, आणि दुसरे कुलपाच्या हत्यारांऐवजी निरीक्षणात, कारण कुलूप पुन्हा पुन्हा उघडून पाहायला बहुधा वेळ मिळतो, पण दबा धरून बसलेला शत्रू एकदाच दिसायचा असतो. लपण्याचा आकडा आता ७ झाला. साध्या गॉब्लिनाचे सहज लक्ष जाण्याचे माप ९ असते, म्हणजे फाशावर एक पडला तरच तो मला हेरणार. आणि हाफलिंगला एक पडल्यास फासा पुन्हा टाकता येतो. म्हणजे चारशेत एकदा. १९७८ च्या त्या १० टक्केवाल्या चोराने हे ऐकले असते तर धंदा सोडून दिला असता.

रोगाला चोरांची सांकेतिक बोलीही येते, जिच्यात निरोप द्यायला साध्या बोलण्याच्या चौपट वेळ लागतो. दलालांच्या गुप्त नंदभाषेबद्दल ऐकलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये, पण आमच्या टेबलावर तिचा उपयोग आतापर्यंत फक्त शिव्या देण्यासाठी झाला आहे.

आकडा ७ झाला म्हणजे काम झाले, हा माझा दुसरा गैरसमज होता. समोरच्याला तुम्ही स्पष्ट दिसत असाल तर लपताच येत नाही, मग फासा कितीही चांगला पडो. शिवाय आमच्या पुरोहित ड्वार्फच्या, म्हणजे दणकट, दाढीवाल्या वंशातल्या सोबत्याच्या, अंगात खवल्यांचे चिलखत होते, ज्याने लपण्याच्या फेकीवर डिसॲडव्हांटेज येते, आणि तो दर पावलाला भांड्यांचे कपाट हलवल्यासारखा वाजत असे. त्याला मागे ठेवून एकटीने पुढे जावे, तर झुडपातल्या एल्फाचीच गत व्हायची. शेवटी मी अंतराचा हिशेब केला. ड्वार्फची चाल २५ फूट आणि धावल्यास ५०, म्हणून सावरी कधीही ५० फुटांपेक्षा पुढे जाणार नाही, असे ठरले. ही मर्यादा कुठल्याही पुस्तकात लिहिलेली नाही, पण माझ्या शीटच्या वरच्या कोपऱ्यात ती लाल पेनाने लिहिलेली आहे. झडपेचा कंदील मी हातात धरतो आणि झडप पाडली की पाच फुटांचा मंद उजेड तेवढा उरतो.

दुसऱ्या लेव्हलला लपणे, धावणे किंवा लढाईतून निसटणे ही कामे दुय्यम कृतीत, म्हणजे मुख्य कृतीखेरीज पाळीत मिळणाऱ्या छोट्या कृतीत, करता येऊ लागली आणि एका पाळीत मारून पुन्हा लपणे शक्य झाले. मी पहिल्या दिवसापासून करू पाहत होतो ते नियमांनी इथे कुठे दिले होते. तिसऱ्या लेव्हलला मारेकऱ्याऐवजी मी चोराची शाखा घेतली. मारेकऱ्याचा मोठा फायदा शत्रू गाफील सापडला तर होतो, आणि खवल्यांचे चिलखत सोबत असताना तो योग कितीदा येणार? चोराला मात्र वस्तू वापरण्याचे काम दुय्यम कृतीत करता येते, आणि माझ्या घरफोडीच्या पिशवीत एक हजार छर्रे होते, ज्यांच्याकडे तोवर कोणी पाहिले नव्हते.

गेल्या शनिवारी एका बुरुजाच्या जिन्यावरून दोन हॉबगॉब्लिन, म्हणजे गॉब्लिनांचे थोराड भाऊबंद, खाली धावत आले. सावरीने आदल्या पाळीत जिन्याच्या पायथ्याशी दहा फूट चौरस जागेत छर्रे ओतून ठेवले होते. एक सावरला, दुसरा शेवटच्या पायरीशी पडला, आणि वीस फूट धावून आल्यामुळे उठायला लागणारी पंधरा फुटांची चाल त्याच्याकडे उरली नव्हती. माझा हात सवयीने धनुष्याकडे गेला. ड्वार्फच्या खेळाडूने तेवढ्यात टेबलाखालून माझा पाय दाबला, कारण पडलेल्या माणसावर दुरून बाण मारल्यास डिसॲडव्हांटेज येते आणि मग स्नीक अटॅकच मिळत नाही. जवळ जाऊन वार केला तर मात्र उलट ॲडव्हांटेज असते. मी धनुष्य टाकले, तलवार काढली आणि छर्ऱ्यांच्या कडेला उभे राहून वार केला. फाशांवर ७ आणि १६ पडले. १६ अधिक ५ म्हणजे २१, त्याचे चिलखत १८. इजेचे फासे २, ४ आणि ५, वर तीन: एकूण १४. त्याचे हिट पॉइंट ११ होते. मग दुय्यम कृती वापरून सावरी ड्वार्फच्या पाठीमागे लपायला गेली आणि फाशावर एक पडला. टेबलावर हशा झाला, मी फासा पुन्हा टाकला आणि १५ आले.

उरलेल्या हॉबगॉब्लिनाला समोर ड्वार्फ तेवढा दिसत होता. हॉबगॉब्लिनांचाही एक नियम माझ्यासारखाच आहे: ज्याला मारायचे त्याच्याजवळ पाच फुटांत त्यांचा सोबती उभा असेल तर दोन सहापैलू फाशांची जादा इजा होते. भाच्याने ते दोन फासे हातात घेतले, मेलेल्या हॉबगॉब्लिनाच्या सोंगटीकडे पाहिले आणि खाली ठेवले. तलवारीची साधी इजा पाच झाली. ड्वार्फकडे सहा हिट पॉइंट होते.