पाकीट जातं, कार्ड राहतं

मी घरी कोरडी मिश्रणं तयार करून विकते. प्रत्येक पाकिटाबरोबर कृतीचं एक कार्ड देते: पाणी किती, भिजवायचं किती वेळ, आच कधी कमी करायची. पाकीट रिकामं झालं की केरात जातं. कार्ड मात्र वहीच्या पानांत, डब्यांच्या मागे, कपाटाच्या दारावर वर्षानुवर्षं राहतं.

हे मला कळलं ते एका जुन्या ग्राहक बाईंमुळे. कुणाकडून तरी माझा नवा नंबर मिळवून त्यांनी फोन केला. म्हणाल्या, "कार्डावरचा नंबर लागतच नाही. मला वाटलं, तुम्ही काम बंद केलंत." कार्ड त्यांच्या हातात होतं, त्यावर माझं नाव होतं आणि खाली छापलेला नंबर मी कधीच बंद केला होता. अशी किती कार्डं कितीजणींच्या घरी असतील, या विचाराने त्या रात्री मला झोप लागली नाही. शिवाय त्याच नंबराची कार्डं घरात गठ्ठ्याने पडून होती.

कृती सहसा बदलत नाही, संपर्क बदलतो. मग दोन्ही एकत्र छापायचं कशाला? तेव्हापासून कार्डावर फक्त कृती छापून घेते, आणि नाव, नंबर, ईमेल वेगळ्या स्टिकरवर. जुन्या गठ्ठ्यातल्या नंबरावरही तेच स्टिकर चिकटवले, त्यामुळे एकही कार्ड फुकट गेलं नाही.

माझं कार्ड ए-६ आकाराचं आहे, १०५ × १४८ मिलिमीटर, म्हणजे ए-४ कागदाचा चौथा भाग. सुरुवातीला एका पानावर ६५ स्टिकर असलेली शीट आणली, कारण एका पानात जास्त होतात. तो एक स्टिकर जेमतेम ३८ × २१ मिलिमीटरचा. चार ओळी बसवायच्या तर अक्षर इतकं बारीक झालं की जोडाक्षरं नुसते ठिपके दिसायला लागली. आता २१ ची शीट वापरते, तीन रांगा उभ्या आणि सात आडव्या, प्रत्येक स्टिकर ६३.५ × ३८.१ मिलिमीटर. नंबर ११ पॉइंटात, बाकीचं ९ पॉइंटात. मराठीत छापणाऱ्यांनी ओळींमधली जागा स्वतः वाढवून घ्यावी. आपल्याकडे वर रफार-वेलांटी आणि खाली उकार असतो, आणि घट्ट ओळींत तेच आधी कापले जातात. माझ्या पहिल्या पानावर माझ्याच नावाचा उकार गेला होता.

दुसरी चूक छापताना झाली. पहिले दोन स्टिकर बरोबर आले आणि पुढे प्रत्येक ओळीत मजकूर थोडा थोडा सरकत शेवटच्या रांगेत थेट कडेवर गेला. संगणकावरच्या प्रिंटच्या खिडकीत 'पानात बसवा' असा पर्याय निवडलेला राहिला होता आणि त्याने सगळं किंचित लहान करून टाकलं होतं. तिथे १०० टक्के किंवा 'मूळ आकार' हवं. आता आधी साध्या कागदावर छापते, तो स्टिकरच्या शीटवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरते आणि रेषा जुळल्या की मगच खरी शीट घालते. अर्धी वापरलेली शीट पुन्हा प्रिंटरमध्ये घालत नाही, आतल्या आत स्टिकर सुटून रुळाला चिकटू शकतो.

शाईबद्दल मी फार आग्रही आहे. कार्ड स्वयंपाकघरात राहणार, त्याला ओले, तेलकट हात लागणारच. माझ्या इंकजेटवर साध्या स्टिकरला पाण्याचा थेंब लागला आणि नंबराचे शेवटचे तीन आकडे पसरले. नंबर चुकीचा वाचला जाण्यापेक्षा तो नसलेला बरा. लेझर प्रिंटरमध्ये टोनर उष्णतेने कागदावर वितळून बसतो, तो पाण्याने पसरत नाही. म्हणून शीट लेझरसाठीचीच घेते आणि लेझर प्रिंटरवरच छापते. पावतीसारख्या थर्मल कागदाचे स्टिकर मात्र नकोच. तो कागद उष्णतेनेच काळा होतो, आणि हे कार्ड शेगडीजवळ ठेवलं जातं.

क्यूआर कोडही ठेवला आहे, मुलीच्या आग्रहाने. हा कोड १९९४ साली जपानमधल्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तयार झाला, म्हणजे कारखान्यातल्या मळात टिकावा असाच. कोड तयार करताना चूक-दुरुस्तीची सगळ्यात वरची पातळी निवडली तर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो, त्यामुळे तेलाच्या डागाची भीती कमी. दोन सेंटिमीटरचा चौकोन आणि भोवती मोकळी पांढरी जागा, एवढं पाळते. पण नंबर आकड्यांत छापलेला हवाच. माझ्या निम्म्या ग्राहक बायका कार्ड हातात धरून फोन लावतात.

घराचा पत्ता मी घालत नाही. कार्ड कुठून कुठे जाईल, सांगता येत नाही. कामासाठी वेगळा नंबर घेतला, तोच स्टिकरवर. घटक, वजन, तारीख यांची जागा पाकिटावर, इथे त्यांची गर्दी नको.

स्टिकर मागच्या बाजूला, खाली उजवीकडे लावते. पुढच्या बाजूला लावले होते तेव्हा घाईत काही कार्डांवर कृतीची शेवटची ओळच झाकली गेली. कार्ड गुळगुळीत लॅमिनेशनचं असेल तर आधी कोरड्या फडक्याने पुसून घेते आणि कोपरे नखाने दाबते. सोलायला सुरुवात होते ती कोपऱ्यापासूनच.

आणि एक अक्षर. कार्डांच्या प्रत्येक खेपेच्या स्टिकरवर कोपऱ्यात क, ख, ग असं एकच अक्षर छापते. मागच्या महिन्यात एकीचा फोन आला, मिश्रण पातळ होतंय म्हणून. मी विचारलं, "मागे कोपऱ्यात कोणतं अक्षर आहे?" तिने कार्ड उलटलं आणि म्हणाली, "ख." त्या खेपेच्या कार्डावर पाण्याचं माप चुकून दीडऐवजी दोन वाट्या छापलं गेलं होतं. तिने फोनवर बोलता बोलताच पेनाने दोनाचा आकडा खोडला.